तंजावरचा शिलापट्ट कोरणारे जॉन फ्लॅक्समन

तंजावर येथे शिवगंगा तळ्याजवळ एक लहानसे ख्रिस्तमंदिर आहे. त्यात पांढऱ्या संगमरवराचा एक शिलापट्ट बसविलेला आहे. वृद्ध पाळक मृत्युशय्येवर पडले आहेत, एक तरुण हिंदु राजा त्यांचा हात धरून उभा आहे, उशाशी एक मिशनरी आहेत आणि पलंगाजवळ शाळेतील तीन मुले. पाळक म्हणजे रेव्हरंड श्वार्ट्झ, आणि राजा म्हणजे भोसले कुळातील सरफोजी महाराज. ह्या दोघांची हकीकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. परंतु ज्याने तो दगड कोरला त्याचे चरित्र फारसे कोणास ठाऊक नाही.

जॉन फ्लॅक्समन ह्यांचा जन्म इंग्लंडातील यॉर्क शहरी १७५५ साली झाला. वडील लंडनात प्लास्टरच्या प्रतिमा ओतून विकीत. मुलगा जन्मतःच इतका दुबळा की, दुकानाच्या फळीमागे त्याला उशांच्या आधाराने बसवून ठेवीत, आणि पुढे तो कुबड्यांवर चालू लागला. बसल्या बसल्या तो पुस्तके वाची व चित्रे काढी. मॅथ्यू नावाचे एक पाळक दुकानी आले असता ह्या लहानग्याच्या हाती लॅटिन पुस्तक पाहून त्यांना नवल वाटले. त्यांनी त्याला आपल्या घरी येण्यास सांगितले. तेथेच त्याच्या शिक्षणास खरे वळण लागले.

पुढे तो कलेच्या राजविद्यालयात दाखल झाला. १७७२ साली सोन्याचे पदक आपल्यालाच मिळणार अशी त्याची खात्री होती. ते दुसऱ्याला मिळाले. हा घाव त्याच्या गर्वाला बसला, आणि तो बसला हे बरेच झाले असे आम्हांस वाटते, कारण त्यानंतर तो दुप्पट मेहनत करू लागला. पोटासाठी त्यांनी कित्येक वर्षे वेजवुड ह्या चिनी मातीच्या कारखानदाराकरिता भांड्यांवरील आकृतींचे नमुने मेणात घडविले. १७८२ साली अ‍ॅन डेनमन ह्या बाईंशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा विद्यालयाचे अध्यक्ष रेनल्ड्स ह्यांनी, आता तुमची कला बुडाली, असे त्यांस ऐकविले. पतिपत्नींनी कोणाशी वाद घातला नाही. काटकसर करून त्यांनी पैसा साठविला आणि १७८७ साली दोघेही रोमास गेली. त्या काटकसरीच्या दिवसांत फ्लॅक्समन अंगरख्याच्या काजात दौत अडकवून आपल्या मोहल्ल्यातील रात्रीच्या पहारेकऱ्यांची पट्टी घरोघर गोळा करीत. मंडळीची वर्गणी मागण्यास दारोदार जाणे ज्या आमच्या उपदेशक बंधूंस कमीपणाचे वाटते, त्यांनी ही दौत डोळ्यांपुढे आणावी.

रोमाहून १७९४ साली परतल्यावर त्यांची कीर्ती झाली. सेंट पॉलच्या मंदिरातील नेल्सन सेनापतींचे मोठे स्मारक त्यांचेच. परंतु त्यांचे हृदय लहान स्मारकांत अधिक दिसते. चिचेस्टर येथे त्यांनी कॉलिन्स कवीला शास्त्र वाचीत बसलेले दाखविले. मिचेल्डेव्हर ह्या खेड्यात एका कुटुंबाच्या स्मारकासाठी प्रभूच्या प्रार्थनेतील तीन विनंत्या दगडात उतरविल्या. ग्लॉस्टर येथील स्मारकात हिंदुस्थानाहून परतताना जहाजावर बाळंतपणात वारलेली एक आई तान्ह्यासह लाटांतून वर येत आहे व देवदूत तिला सामोरे आले आहेत. स्वीडनबोर्ग ह्यांच्या शिक्षणाकडे फ्लॅक्समन ह्यांचा ओढा होता, ते आम्हांस मान्य नाही. पण त्यांची भक्ती व त्यांचा साधेपणा निःसंशय होता.

आता तंजावरचे. तुळजाजी राजांनी १७८७ साली मरतेवेळी दत्तक पुत्र सरफोजी ह्यास श्वार्ट्झसाहेबांच्या हाती सोपविले. साहेबांनी त्याला शिकविले व त्याचा हक्क राखण्यासाठी झटले. ते १७९८ च्या फेब्रुवारीत प्रभूकडे गेले, तेव्हा सरफोजी शवपेटी बंद होण्यापूर्वी आले, रडले आणि कबरेपर्यंत चालत गेले. गादीवर बसल्यावर १८०१ साली त्यांनी लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीस पत्र लिहून आपल्या खर्चाने संगमरवरी स्मारक मागविले. ज्या व्यासपीठावरून आपले गुरू उपदेश करीत, त्याजवळच्या खांबाला ते लावावे अशी त्यांची इच्छा होती. ते काम फ्लॅक्समन ह्यांजकडे आले. त्यांनी ना तंजावर पाहिले होते, ना राजा. तरी सिंहासन व हत्ती न दाखविता त्यांनी एक आजाऱ्याची खोली दाखविली, आणि राजाला पलंगापाशी उभे केले.

नुकतेच मूर्तिपूजेतून निघालेले आमचे काही बंधू विचारतील की, देवाच्या मंदिरात कोरीव आकृती कशाला? शंका योग्य आहे, आणि ती हसण्यावारी नेणारा पाळक आपल्या मंडळीला ओळखीत नाही. ज्या दगडापुढे दिवा लागतो, नारळ फुटतो व नवस बोलला जातो तो दगड निराळा. येथे कोरलेला मनुष्य स्वतः असहाय पडला आहे. त्याच्याजवळ मागण्यासारखे काही नाही. त्याची कबरही ह्या मंदिरात नाही, ती दुसरीकडे आहे. तथापि कोणी भोळा भाऊ तेथे हार वाहू लागला, तर त्या दिवसापासून त्या पट्टावर पडदा टाकावा असेच आम्ही म्हणू.

फ्लॅक्समन १८१० साली राजविद्यालयात शिल्पकलेचे पहिले अध्यापक झाले. १८२० साली त्यांची पत्नी वारली, आणि ७ डिसेंबर १८२६ रोजी तेही निवर्तले. सरफोजी महाराज १८३२ साली वारले. गुरूवर इतके प्रेम असूनही त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. गुरूच्या कबरेवरील दगडासाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत कविता रचली होती. ती तेथे कोरलेली आहे.