मूर्तिजापूरचा आवाज

सुरुवातीलाच कबूल करते. के.जी. ते बारावी माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागात लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाचं काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

मी अकोल्याची. शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि रविवारी रात्री आईने दिलेला डबा घेऊन होस्टेलला परत यायचं, हे तीन वर्षांपासून चालू आहे. मध्ये मूर्तिजापूर लागतं. जिथून पूर्वी शकुंतला यवतमाळ आणि अचलपूरकडे निघायची, तेच हे स्टेशन. माझ्यासाठी मूर्तिजापूर म्हणजे अर्धा रस्ता संपला, एवढंच. याच गावात २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे जन्मले हे मला थर्ड इयरला कळलं. तेही एका भांडणामुळे!

झालं असं, की गॅदरिंगच्या समूहगीतातून मला दुसऱ्याच प्रॅक्टिसला बाजूला काढलं. सूर बरोबर आहे, पण आवाज बाकीच्या मुलींमध्ये बसत नाही, असं कारण मिळालं. माझा आवाज जाड आहे. फोनवर हॅलो म्हटलं की समोरचा मला हमखास भाऊ म्हणतो. शाळेच्या क्वायरमध्येही मी मागच्या रांगेतच असायची, कारण तिथे सगळ्यांचे आवाज मिसळून एक झाले पाहिजेत हा नियम होता. रूमवर येऊन मी भरपूर रडले. माझी रूममेट दर्यापूरची, घरात गाण्याचं वेड. तिने काही न बोलता मोबाईलवर कट्यार काळजात घुसलीमधली खाँसाहेबांची पदं लावली. मी म्हटलं, हा माणूस गातोय का कोणावर चिडलाय? याच्यात गोडवा कुठे आहे? झालं! ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग त्या अबोल्यात मीच तो आवाज परत परत ऐकला, आणि तो कोणाचा हे शोधत बसले.

वसंतरावांना त्यांच्या आईने नागपुरात वाढवलं. तिथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचं गाणं सुरू झालं. पुढे सी. रामचंद्र म्हणून गाजलेले संगीतकारही सप्रे गुरुजींचेच विद्यार्थी. लहान वयातच भालजी पेंढारकरांनी वसंतरावांना कालियामर्दन या चित्रपटात कृष्णाचं काम दिलं. इथून सरळ स्टार व्हायला हवं होतं ना? तसं झालं नाही. ते शिकत राहिले. लाहोरला जाऊन असद अली खाँसाहेबांकडे शिकले, किराणा घराण्याच्या सुरेशबाबू मानेंकडे शिकले, भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडेही शिकले. मनात मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं तडफदार गाणं होतंच. एवढ्या ठिकाणचं घेतल्यावर ते कोणत्याच एका घराण्याच्या खान्यात बसेनात. आपल्या भाषेत सांगायचं तर ब्रँच कोणती, हेच कोणाला ठरवता येईना.

पोटासाठी त्यांनी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी धरली. एकदोन वर्षं नाही, तारुण्याची सगळी वर्षं! दिवसा आकडेमोड आणि उरलेल्या वेळात रियाज आणि मैफली. पु. ल. देशपांड्यांसारखे जिवाभावाचे मित्र होते, जाणकारांत नाव होतं, पण घराघरांत पोचणं अजून बाकी होतं. शेवटी १९६० च्या दशकात त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ गाण्याला दिला.

डिसेंबर १९६७ मध्ये कट्यार काळजात घुसली रंगभूमीवर आलं. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. नाटकात दोन घराण्यांचं भांडण आहे. एक पद तर दोन वेगवेगळ्या ढंगांत गायलंय, शब्द तेच आणि माणूस वेगळा! दारव्हेकरांच्या खाँसाहेबाला गोड आवाज पुरणार नव्हता. त्याचा हट्ट, त्याची जखम आणि त्याची विद्या ज्या आवाजात एकत्र ऐकू येईल तसा आवाज हवा होता. वसंतरावांचा आवाज तसाच होता. तेव्हा त्यांचं वय होतं सत्तेचाळीस. ज्या वयात माझे बाबा रिटायरमेंटचं प्लॅनिंग करतात, त्या वयात हा माणूस महाराष्ट्रभर पोचला.

आता इथे माझ्यातली इलेक्ट्रॉनिक्सवाली जागी झाली. गोड नाही तरी सोडवत नाही, असं या आवाजात आहे काय? शाळेत नादाचे तीन गुण शिकलो होतो. उंची, तीव्रता आणि जात. ही जात म्हणजेच टिंबर. सिग्नल प्रोसेसिंगच्या प्रॅक्टिकलनंतर मी आणि रूममेटने (तोपर्यंत अबोला सुटला होता) एकाच सुरात आ लावला आणि दोघींचा स्पेक्ट्रम काढला. सूर साधारण २०० हर्ट्झचा. दोघींचे सुळके जागच्या जागी, २००, ४००, ६००, ८००. फरक फक्त त्यांच्या उंचीत होता. तिचे वरचे सुळके झपाट्याने लहान होत गेले, माझे बराच वेळ उभे राहिले. तीच माझी खरखर! घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळ्या कोणते सुळके वाढवतील आणि कोणते दाबतील, यावर प्रत्येकाचा आवाज ठरतो. शिवाय आवाज सुरू कसा होतो आणि पुढे कसा बदलतो, तेही कान टिपतो.

तंबोऱ्याची जवारी तरी काय असते? घोडीवर तारेखाली बारीक दोरा सरकवतात, मग तार घोडीच्या उतारावर घासत वाजते आणि वरचे स्वर झणझणून उठतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलंय. म्हणजे आपल्या लोकांनी ती झणझण काढून टाकली नाही, उलट मुद्दाम आणली. हे वाचलं तेव्हा मला क्वायरच्या मागच्या रांगेची आठवण झाली आणि थोडं हसू आलं.

वसंतरावांना १९८२ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. ३० जुलै १९८३ रोजी ते पुण्यात गेले. तेव्हा नातू राहुल देशपांडे चार वर्षांचाही नव्हता. पुढे कट्यारच्या २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांची गाणी याच नातवाने गायली, आणि २०२२ च्या मी वसंतराव या चित्रपटात आजोबांची भूमिकाही केली. नागपूरला स्पर्धेसाठी आपण ज्या देशपांडे सभागृहात जातो ना, ते यांच्याच नावाचं आहे. मी तिथे दोनदा जाऊन आले होते, पण नावाची पाटी कधी नीट वाचली नव्हती.

आता कोणी म्हणेल, वसंतराव कुठे आणि ही कुठे! खरंच आहे. त्यांच्यामागे किती गुरू आणि किती वर्षांचा रियाज होता, माझ्यामागे बाथरूममधला सराव. म्हणून जाड आवाज असला की आपोआप कलाकार होतो, असं मी म्हणत नाहीये. मला समूहगीतातून काढलं तेही कदाचित बरोबरच होतं, कारण समूहगीतात मिसळावंच लागतं. पण मिसळत नाही म्हणजे वाईट, हा हिशेब मात्र मी खोडून टाकलाय.

यंदाच्या गॅदरिंगला मी एकटीने गायला नाव दिलंय. समूहगीताची पट्टी होती काळी पाच, तिथे माझा आवाज चिरायचा. पेटीवाल्या ज्युनियरला सांगितलंय, काळी दोन धर. मुलांची पट्टी आहे ताई, म्हणून तो बिचारा बावचळला. म्हटलं, असू दे रे बाबा, तू धर.

गेल्या रविवारी मूर्तिजापूर आलं तेव्हा मी दाराशी उभी होते. गाडी दोन मिनिटं थांबली. चहावाल्याने त्याच्या फाटक्या आवाजात चाऽऽय अशी हाक मारली. डब्यातल्या एवढ्या गोंधळात ती एकदम शेवटच्या सीटपर्यंत पोचली.