विष्णू वासुदेव नारळीकर

विष्णू वासुदेव नारळीकर (जन्म : कोल्हापूर, २६ सप्टेंबर १९०८, मृत्यू : १ एप्रिल १९९१) हे व्यापक सापेक्षता सिद्धांतावर संशोधन करणारे मराठी गणितज्ञ होते. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील गणित विभागाचे ते सुमारे अठ्ठावीस वर्षे प्रमुख होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा सिद्धांत पद्धतशीरपणे शिकविणाऱ्या भारतातील आरंभीच्या अध्यापकांत त्यांची गणना होते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र. मराठी वाचकांना वि. वा. नारळीकर हे नाव बहुधा पुत्राच्या ओळखीतून ठाऊक असते. गणिताच्या क्षेत्रात मात्र अनेक वर्षे परिस्थिती याच्या उलट होती.

शिक्षण

त्यांचे शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून ते १९२८ साली बी. एस्‌सी. झाले आणि त्याच वर्षी केंब्रिजला गेले. तेथे फिट्झविल्यम हाउसमधून त्यांनी १९३० मध्ये गणिताची ट्रायपॉस परीक्षा विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण केली. महाराष्ट्रात त्यांचा उल्लेख ‘रँग्लर नारळीकर’ असा होतो. रँग्लर म्हटले की ‘कितवे?’ हा प्रश्न आपल्याकडे अजूनही विचारला जातो. त्याला कारण रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे १८९९ मधील यश. परंतु अनुक्रमांक जाहीर करण्याची प्रथा १९०९ नंतर बंद झाली होती, त्यामुळे नारळीकरांच्या बाबतीत हा प्रश्न गैरलागू ठरतो. खगोलशास्त्रातील सर्वोत्तम उत्तरांसाठी दिले जाणारे टायसन पदक त्यांना मिळाले. (तीस वर्षांनी, १९६० मध्ये, हेच पदक जयंत नारळीकरांनीही मिळविले.) आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती आणि १९३२ सालचे रॅले पारितोषिक हे त्यांचे पुढील मान होत.

केंब्रिजमध्ये त्यांना आर्थर एडिंग्टन यांचे मार्गदर्शन लाभले. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणाऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशाचे वळणे मोजणाऱ्या मोहिमेचे एडिंग्टन हे एक प्रमुख होते, आणि सापेक्षतेवरील त्यांचा १९२३ सालचा गणिती ग्रंथ त्या काळी इंग्रजी वाचणाऱ्या जगात पाठ्यपुस्तकाच्या ठिकाणी होता. आइन्स्टाइन यांच्याखालोखाल या विषयाचा जाणकार म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाई, त्यांच्यापाशी नारळीकर तो शिकले.

बनारस

इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेत राहून संशोधन चालू ठेवणे हा अशा विद्यार्थ्याचा स्वाभाविक मार्ग ठरला असता. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून नारळीकर १९३२ साली बनारसला आले. त्या वेळी त्यांचे वय चोवीसच्या आसपास होते आणि विभागाचे प्रमुखपद थेट त्यांच्याकडे आले. विश्वविद्यालयाला तेव्हा जेमतेम सोळा वर्षे झाली होती.

या निर्णयाचे मोल समजण्यासाठी त्या काळातील या विषयाची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. १९३० नंतर जगभरातील तरुण भौतिकशास्त्रज्ञांचा ओढा पुंज यामिकीकडे आणि अणुकेंद्राकडे होता. व्यापक सापेक्षतेचे प्रायोगिक आधार मोजके होते. बुधाच्या कक्षेत शतकाला आढळणारे ४३ विकलांचे जादा सरकणे, सूर्यबिंबाला चाटून येणाऱ्या प्रकाशाचे १.७५ विकलांचे वळणे आणि वर्णपटातील रेषांचे तांबड्या टोकाकडे ढळणे, एवढ्यावरच सारे संपत असे. युरोप-अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांतही हा विषय पुष्कळदा भौतिकशास्त्राऐवजी गणिताच्या विभागात जेमतेम टिकून होता. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी केलेले मूळ लेखांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते, आणि तेथे निखिलरंजन सेन या विषयात काम करीत होते. बनारस हे त्याचे दुसरे केंद्र झाले ते नारळीकरांमुळे.

हा विषय शिकणे सोपे नव्हते, आजही नाही. पदवीपर्यंतचे गणित सपाट अवकाशातले असते. येथे विद्यार्थ्याला प्रथम टेन्सर म्हणजे प्रदिश यांचे गणित शिकावे लागते, मग रीमान यांची वक्र अवकाशाची भूमिती, आणि त्यानंतर आइन्स्टाइन यांची दहा क्षेत्रसमीकरणे. ही समीकरणे परस्परांत गुंतलेली आणि अरेखीय असतात. दोन उत्तरांची बेरीज केली असता तिसरे उत्तर मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक अचूक उत्तर स्वतंत्रपणे शोधावे लागते. त्यासाठी महागडी यंत्रसामग्री मात्र लागत नाही. कागद, पेन्सिल, चिकाटी आणि वाट दाखविणारा गुरू एवढ्यावर काम होते. साधनांची चणचण असलेल्या देशात हा विषय रुजला याचे एक कारण हेही असावे.

विद्यार्थी आणि संशोधन

गो. के. पटवर्धन यांच्याप्रमाणे जे सहकारी त्यांच्यासोबत संशोधनात उतरले, त्यांत प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांचे नाव सर्वांत प्रसिद्ध आहे. वैद्य हे मूळचे जुनागढकडचे, मुंबईत शिकलेले. १९४२ साली हाती नोकरी नसताना ते पत्नी आणि तान्ह्या मुलीसह, साठविलेल्या पैशांच्या भरवशावर, केवळ नारळीकरांकडे सापेक्षता शिकण्यासाठी बनारसला आले. छोडो भारत चळवळीचे ते दिवस होते. गाठीचे पैसे पुरले तोवर, म्हणजे सुमारे दहा महिने, ते तेथे राहिले.

या मुक्कामात जे हाती लागले ते आज जगभरातील पाठ्यपुस्तकांत आहे. कार्ल श्वार्त्सशिल्ट यांनी १९१६ साली ताऱ्याबाहेरील अवकाशाचे उत्तर काढले होते, पण त्यात ताऱ्याबाहेर पूर्ण पोकळी गृहीत धरली होती. खरा तारा प्रकाशतो. त्याच्या भोवतालची जागा प्रारणाने भरलेली असते आणि ऊर्जा बाहेर टाकताना त्याचे वस्तुमान घटत जाते. अशा ताऱ्याचे गुरुत्वीय क्षेत्र कसे असेल, याचे उत्तर वैद्य यांनी शोधले आणि ते १९४३ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९६० नंतर अतितेजस्वी क्वेसार आणि ताऱ्यांचे कोसळणे यांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा ‘वैद्य मेट्रिक’ सर्वांना आठवले. शोध वैद्य यांचा असला, तरी अनोळखी तरुणाला जवळ करून त्याला संशोधनाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडण्याचे काम नारळीकरांनी केले.

नारळीकरांचे स्वतःचे संशोधन द्रवगोलांची सापेक्षतावादी उत्तरे, विश्वरचनाशास्त्र आणि वक्रतेची भूमिती या विषयांत आहे. के. आर. करमरकर यांच्यासह १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी निर्देशांक-पद्धती बदलली तरी न बदलणाऱ्या चौदा वक्रता-राशींचा संच मांडला. पुढील काळात इतरत्र झालेल्या अशाच कामाच्या मानाने या निबंधाची दखल कमी घेतली गेली. तरीही त्यांचे मुख्य कार्य निबंधांपेक्षा शिष्यपरंपरेत शोधावे लागते.

कुटुंब

त्यांच्या पत्नी सुमती या संस्कृतच्या जाणकार होत्या. संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार हे सुमतींचे बंधू. जयंत आणि पदार्थवैज्ञानिक अनंत हे दोघे पुत्र. बनारसच्या घरात मुलांना हवे ते लिहिता यावे म्हणून भिंतींवर फळे होते. मोरेश्वर हुजूरबाजार हे मामा त्यावर जयंतसाठी आव्हानात्मक गणिते लिहून ठेवीत. जयंत नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात त्या घराचे चित्र आले आहे.

उत्तरायुष्य

१९६० साली नारळीकरांनी बनारस सोडले आणि अजमेर येथे राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले. योगायोग असा की याच दशकात व्यापक सापेक्षतेला पुन्हा बहर आला. रॉय केर यांचे फिरत्या वस्तुमानाचे उत्तर, क्वेसारांचा शोध, विश्वातील सूक्ष्मतरंग प्रारण, हे सारे १९६३ ते १९६५ या तीन वर्षांत घडले. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासह जयंत नारळीकर याच विषयात नाव मिळवीत होते. पडत्या काळात तीन दशके ज्यांनी विषय सांभाळला, ते या वेळी शासकीय सेवेसाठी उमेदवार निवडत होते. प्रशासनाचे हे काम महत्त्वाचे होते, परंतु गणिताच्या दृष्टीने ही हानीच म्हटली पाहिजे.

त्यानंतर ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून पुन्हा अध्यापनाकडे वळले. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त १९६९ साली या विषयाचे भारतीय अभ्यासक एकत्र आले. त्यातून व्यापक सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षण यांच्या अभ्यासकांची भारतीय संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद नारळीकरांकडे आले.