शिडाकडून वाफेकडे : अर्देशीर वाडिया

मुलांनो, भातसानगरहून शहापूरला येऊन नाशिकच्या दिशेने निघालात, की पुढे कसारा घाट लागतो. हा घाट चढणारी एखादी जुनी जीप तुम्ही पाहिली असेल. इंजिन गुरगुरते, धूर सोडते. पण गाडी काही वेग घेत नाही. मग मालकाला वाटते, की जुने इंजिन काढून जास्त ताकदीचे इंजिन बसवावे. पण जाणकार मिस्त्री लगेच हातात पाना घेत नाही. तो आधी विचार करतो. नवे इंजिन त्या जागेत मावेल का? गाडीचा सांगाडा त्याचे वजन पेलेल का? गिअर आणि ब्रेक त्या ताकदीला पुरे पडतील का? इंधन किती लागेल?

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत असेच प्रश्न जहाजांविषयी उभे राहिले होते. शिडांचे काम वाफेचे इंजिन करू लागले होते. हे नवे शास्त्र जिद्दीने शिकलेल्या अर्देशीर खरशेटजी वाडिया यांची ओळख आज आपण करून घेऊ.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी हे १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. तेव्हापासून सागवानी लाकडाची भक्कम जहाजे बांधण्यात या घराण्याने मोठे नाव मिळवले. अर्देशीरही चौदाव्या वर्षी गोदीत जाऊ लागले आणि वडिलांच्या हाताखाली काम शिकू लागले.

१८२९ साली याच गोदीत 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट बांधली गेली. पुढच्या वर्षी ती मुंबईहून सुएझला गेली. वारा पडला तरी ती चालत असे. पण तिच्या इंजिनांना इतका कोळसा लागला, की माणसांच्या खोल्यांतही कोळसा भरावा लागला! नुसते इंजिन बसवले म्हणजे काम संपत नाही, हे तुमच्या लक्षात आले ना? इंजिन, बॉयलर, पाणी आणि कोळसा या साऱ्यांचे वजन जहाजाला वाहावे लागते. हे वजन एका बाजूला जास्त झाले, तर जहाज कलते.

तरुण अर्देशीर यांना वाफेच्या यंत्रांची विलक्षण ओढ लागली. १८३३ च्या सुमारास त्यांनी एक अश्वशक्तीचे छोटे इंजिन तयार केले आणि त्याच्या साहाय्याने विहिरीतले पाणी वर खेचून दाखवले. त्याच सुमारास त्यांनी 'इंडस' नावाची ६० टनांची लहान बोट बांधली आणि तिच्यात इंग्लंडहून मागवलेले इंजिन बसवले. १८३४ साली त्यांनी माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले. तेव्हा मुंबईकरांना ही गोष्ट अगदी नवीन होती.

पण एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. यंत्रविद्या आणखी शिकण्यासाठी ते १८३९ साली इजिप्तच्या मार्गाने इंग्लंडला गेले. तेथील गोद्या आणि कारखाने त्यांनी बारकाईने पाहिले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटी या विद्वानांच्या नामवंत संस्थेने त्यांना आपले सदस्य केले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

त्याच वर्षी मुंबईच्या गोदीतील वाफेच्या यंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. आता युरोपीय कारागीर एका भारतीयाच्या हाताखाली काम करणार होते. परकीय राज्याच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. एका इंग्रजी वृत्तपत्राने तर या नेमणुकीविरुद्ध लिहिले. एका भारतीयाला हे काम जमेल का, अशी शंका घेतली गेली. अर्देशीर यांनी पुढे अनेक वर्षे तो कारखाना उत्तम रीतीने चालवला. त्या शंकेला याहून चांगले उत्तर कोणते असणार?

१८५१ साली त्यांनी 'लवजी फॅमिली' ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे सारे भाग त्यांनी घरच्या ओतशाळेत तयार केले होते. बोटीला नाव मात्र त्यांनी आपल्या पूर्वजांचे दिले.

इंजिन आणि वाहन यांचा मेळ किती महत्त्वाचा असतो, हे मुंबईतच बांधलेल्या दुसऱ्या एका जहाजावरूनही दिसते. १८५४ साली येथे 'पंजाब' नावाची मोठी आगबोट बांधली गेली. पुढे एका इंग्रज जहाजमालकाने ती विकत घेतली, तिची इंजिने काढून टाकली आणि तिला फक्त शिडे ठेवली. तेव्हा 'द ट्वीड' या नव्या नावाने ती वेगवान जहाज म्हणून गाजली! तिची बांधणीच इतकी सुडौल होती. म्हणून इंजिन बदलण्यापूर्वी ज्या वाहनात ते बसवायचे, ते वाहन नीट ओळखावे लागते.

१८६१ साली अर्देशीर यांच्याकडे सिंधू नदीवरील सरकारी आगबोटींच्या यंत्रांची देखरेख आली. १८६३ साली ते निवृत्त झाले आणि इंग्लंडमध्ये रिचमंड येथे राहू लागले. तेथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

मित्रांनो, 'इंडस'मध्ये बसवलेले इंजिन परदेशातून आले होते. 'लवजी फॅमिली'चे भाग घरच्या भट्टीत ओतले गेले. या दोन बोटींच्या मध्ये सुमारे अठरा वर्षांचा अभ्यास, प्रवास आणि कष्ट आहेत. दुसऱ्याने केलेले यंत्र विकत घेता येते. पण ते कसे चालते, हे स्वतःच शिकावे लागते.