डॉ. रखमाबाई

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यायला सांगितले, तेव्हा मला डॉ. रखमाबाईंखेरीज दुसरे नाव सुचले नाही. ३१ वर्षे प्रसूतिगृहात परिचारिकेचे काम करून मी निवृत्त झाले, त्याच सुमारास त्यांचे चरित्र वाचनात आले. त्या दिवसांत मी पहाटे दचकून उठे आणि गणवेष शोधू लागे. कोणी नाव विचारले की आधी ‘सिस्टर’ हाच शब्द तोंडात येई. काम सुटले, आता आपण कोण, हे मला उमजेना.

रखमाबाईंना लोक ओळखतात त्या खटल्यामुळे. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा, सुतार समाजातला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावून दिले. पण त्या नांदायला गेल्या नाहीत, माहेरीच राहून पुस्तके वाचीत राहिल्या. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये निकाल रखमाबाईंसारखा झाला, तर १८८७ मध्ये उलट हुकूम निघाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. ‘केसरी’सारख्या पत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. बहुतेक लेख इथेच थांबतात. हे मला कधी पटले नाही. खटला चालला चार वर्षे, आणि पुढे बाईंनी डॉक्टरकी केली सुमारे पस्तीस वर्षे!

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाला पाठबळ दिले. १८८९ साली त्या विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, ब्रुसेल्सची एम.डी. मिळवली आणि परत येऊन १८९५ पासून सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. तिथे बायका दवाखान्याची पायरी चढायला भीत. सांगतात की, एकदा अडलेली शेळी आणून बाईंनी तिची सुटका सर्वांदेखत केली, तेव्हा कुठे बायकांचा धीर चेपला. आमच्या धंद्यात अशी युक्ती ज्याला सुचते, त्यालाच मी खरा वैद्य म्हणते. औषध मागाहून, विश्वास आधी. नव्याने आलेल्या किती सुनांचे थरथरणारे हात मी धरून ठेवले आहेत, त्यामुळे ही गोष्ट मला सगळ्या पदव्यांहून मोठी वाटते.

१९१८ च्या सुमारास त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. ज्या बाईचे नाव कोर्टापासून विलायतेच्या वर्तमानपत्रांपर्यंत गाजले, तिने उरलेले आयुष्य खाटांच्या रांगांमधून फिरण्यात घालविले. पुन्हा लग्न केले नाही. आपल्या कामाचा डांगोराही पिटला नाही.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस टोचत होती. १९०४ साली दादाजी वारल्याचे कळल्यावर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. ज्याचे घर नाकारले, त्याच्या नावाने हा वेष! आमच्या मंडळात हे वाचून दाखविले तेव्हा दोघीतिघींनी नाक मुरडले, आणि खरे सांगायचे तर मीही त्यातलीच. पुढे वाटू लागले की, रुग्णालयात त्या डॉक्टर होत्या, तरी डॉक्टर म्हणजे सगळ्या रखमाबाई नव्हेत. त्या खाली उरलेली बाई काय मानीत होती, ते तिचे तिला ठाऊक. तिने ते आपल्याला समजावून सांगायलाच हवे होते, असेही नाही.

निवृत्तीच्या सुमारास, १९२९ मध्ये, त्यांनी पडदा पद्धत बंद करावी म्हणून एक पुस्तिका लिहिली. पुढे मुंबईत राहिल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

माझा गणवेष मी गेल्या दिवाळीत घडी करून पेटीत ठेवला. मंडळात मात्र अजून सगळ्या मला सिस्टरच म्हणतात. म्हणू देत.