फाउलरसाहेब आणि ‘इंग’ची भानगड

मुलांनो, मराठीच्या वर्गात इंग्रजी व्याकरण कशाला, असे तुम्ही विचाराल. पण बहुतेक घरांत एक तक्रार ऐकू येते. ‘पोहणे’, ‘पोहणारा’, ‘पोहत’ आणि ‘पोहताना’ ह्यांत तुमचा घोटाळा होतो. त्यात तुमचा फारसा दोष नाही. इंग्रजीत ह्या चौघांचे काम एकटे ‘स्विमिंग’ करते. ‘ही इज स्विमिंग’ म्हणजे तो पोहत आहे आणि ‘स्विमिंग इज फन’ म्हणजे पोहणे मजेचे असते. ह्या दुसऱ्या वाक्यात क्रियापदाचे नाम झाले. अशा नामाला इंग्रजीत जेरंड म्हणतात आणि मराठीत धातुसाधित नाम. ह्या जेरंडावरून सत्तरीला आलेला एक गृहस्थ जगातल्या एका मोठ्या पंडिताशी भांडला. त्याची ही ओळख.

हेन्री वॉटसन फाउलर ह्यांचा जन्म १० मार्च १८५८ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज गावी झाला. वडील शिक्षक होते. आठ भावंडांत हेन्री थोरले. रग्बीची शाळा आणि ऑक्सफर्डचे बेलियल कॉलेज असे शिक्षण झाल्यावर तेही शिक्षकच झाले आणि १८८२ पासून सतरा वर्षे सेडबर येथील निवासी शाळेत शिकवीत राहिले. तिथे त्यांना वसतिगृहप्रमुखाची जागा मिळत होती. पण त्या जागेवरील शिक्षकाला मुलांची ‘कन्फर्मेशन’ ह्या ख्रिस्ती संस्कारासाठी तयारी करून घ्यावी लागे. फाउलरांची धर्मावर तशी श्रद्धा नव्हती. ज्यावर आपला विश्वास नाही ते मुलांना शिकवायचे नाही, असे त्यांनी ठरवले, बढती नाकारली आणि १८९९ साली नोकरीही सोडली. वय एक्केचाळीस, हाताशी दुसरे काम नाही. पालकांना ह्या वयात नोकरी सोडणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

मग ते लंडनला आले आणि लेख लिहून कसेबसे पोट भरू लागले. रोज सकाळी धावत हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तलावावर जायचे, पोहायचे आणि परत यायचे, हा नेम मात्र चुकला नाही. १९०३ साली ते गर्न्सी बेटावर गेले. तिथे त्यांचा धाकटा भाऊ फ्रँक राहत होता. दोघांच्या वयात बारा वर्षांचे अंतर, पण गट्टी अशी की पुस्तके दोघांनी मिळून करायची ठरली. १९०६ साली त्यांचे ‘द किंग्ज इंग्लिश’ हे पुस्तक आले. वर्तमानपत्रांतल्या आणि नावाजलेल्या लेखकांच्या चुका त्यांनी त्यात सरळ दाखवून दिल्या. पुढे १९११ साली ‘कन्साइज ऑक्सफर्ड डिक्शनरी’ आली. आपल्यापैकी कितीतरी घरांत तिची कुठली ना कुठली आवृत्ती असेल. कोशाच्या कामाचा दोघांनाही आधी काही अनुभव नव्हता! दरम्यान १९०८ साली, बरोबर आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, हेन्रींनी जेसी विल्स ह्या परिचारिकेशी लग्न केले. संसार सुखाचा झाला.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हे दोघे भाऊ काय करतील? १९१५ साली सैन्यात भरती झाले. हेन्री सत्तावन्न वर्षांचे होते, त्यांनी वय चव्वेचाळीस सांगितले. धर्माच्या बाबतीत तत्त्वासाठी नोकरी सोडणारा माणूस इथे चक्क खोटे बोलला. फ्रान्सला नेऊन त्यांना भांडी घासायला आणि कोळसा वाहायला लावले, तेव्हा आम्ही लढायला आलो आहोत अशी लेखी तक्रारही दोघांनी केली. १९१६ मध्ये प्रकृतीमुळे हेन्रींना परत पाठवण्यात आले. फ्रँकला मात्र क्षयाने गाठले आणि १९१८ साली तो गेला. दोघांनी मिळून योजलेले मोठे पुस्तक आता एकट्या हेन्रींवर पडले. ते ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ १९२६ साली प्रसिद्ध झाले. सातशेहून अधिक पाने, आणि अर्पणपत्रिका फ्रँकच्या नावे.

आता त्या भानगडीकडे येऊ. समजा तुमचा मित्र फार ओरडतो. तुम्ही म्हणाल, ‘आय डोन्ट लाइक हिम शाउटिंग.’ फाउलर विचारतात, तुम्हाला काय आवडत नाही? तो? छे, तो तर मित्र आहे. आवडत नाही ते ओरडणे. मग ओरडणे हे नाम आणि ते कोणाचे, तर त्याचे. म्हणून ‘हिज शाउटिंग’ असेच हवे. ‘हिम शाउटिंग’मध्ये दोन शब्द वितळून त्यांचा एक गोळा झाला आहे आणि त्यातल्या एकाही शब्दाला स्वतंत्र काम उरलेले नाही. ह्या गोळ्याला त्यांनी १९०६ सालीच ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असे नाव देऊन ठेवले होते. ही इंग्रजीला लागलेली कीड आहे, असे त्यांचे ठाम मत होते.

आमच्या संगणकाच्या धंद्यातल्या माणसाला हे पटकन पटते. प्रत्येक शब्दाला नेमके एक काम, नाहीतर कंपायलर पुढे सरकत नाही. मराठी माणसालाही पटते. ‘त्याचे ओरडणे मला आवडत नाही’ असेच आपण म्हणतो. ‘तो ओरडणे मला आवडत नाही’ म्हटले तर आजी हसेल.

पण कोपनहेगनचे ओटो येस्पर्सन ह्यांना हे पटले नाही. इंग्रजी व्याकरणाचा त्या काळातला हा सर्वांत मोठा अभ्यासक, आणि तो डॅनिश! १९२६ साली त्यांनी फाउलरांना उत्तर दिले. त्यांची रीत वेगळी होती. काय असायला हवे हे बाजूला ठेवून लोक शतकानुशतके काय लिहीत आले आहेत ते त्यांनी मोजले, आणि चांगल्या चांगल्या लेखकांची ढीगभर वाक्ये पुढे ठेवली. त्यात फाउलरांची नावडती रचना जागोजागी होती. शिवाय ‘समथिंग हॅपनिंग’चे काय करायचे? ‘समथिंग्ज हॅपनिंग’ कोणी म्हणेल का? फाउलरांचे म्हणणे, कानाला खटकत असेल तर सगळे वाक्यच बदला. पुढच्या वर्षी त्यांनी उत्तराला उत्तर लिहिले आणि ते तसूभरही हटले नाहीत.

माझ्या मते पुरावा येस्पर्सन ह्यांच्या बाजूने आहे, आणि गंमत म्हणजे आपली मराठीही शेवटी तिकडेच जाते. हवामानाची बातमी ऐका. ‘पाऊस पडण्याची शक्यता आहे’ असे सांगतात, ‘पावसाच्या पडण्याची’ असे नाही. ‘बाबा येण्याआधी जेवून घे’ म्हणतो, ‘बाबांच्या येण्याआधी’ क्वचितच. म्हणजे नामाला षष्ठी न लावता क्रियेला चिकटवणे आपणही रोज करतो. तरी फाउलरांचा प्रश्न, नक्की काय आवडत नाही हा, लिहिताना विचारण्यासारखा आहे. आज इंग्रजीत दोन्ही रूपे चालतात. औपचारिक लेखनात, विशेषतः सर्वनाम असेल तर, ‘हिज’ बरे समजतात. बोलताना ‘हिम’ सर्रास. फाउलरांच्याच पुस्तकाची १९९६ सालची आवृत्ती रॉबर्ट बर्चफील्ड ह्यांनी केली, तीही ह्या बाबतीत मूळ पुस्तकाइतकी कडक नाही.

फाउलर १९२५ पासून सॉमरसेटमधल्या हिंटन सेंट जॉर्ज ह्या खेड्यात राहत होते. १९२६ च्या नोव्हेंबरात प्रकाशकांनी विचारले, आता वय झाले, घरकामाला एक नोकर ठेवा, पगार आम्ही देतो. अडुसष्ट वर्षांच्या फाउलरांनी कळवले की आज सकाळीच आपण दोन मैल धावून शेजाऱ्याच्या तळ्यात पोहून आलो आहोत, नोकर नको. १९३० साली जेसीबाई गेल्या आणि २६ डिसेंबर १९३३ रोजी फाउलरही.

मुलांनो, पुढच्या शनिवारपर्यंत एक काम. घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातली ‘णे’ किंवा ‘ण्या’ असलेली दहा वाक्ये वहीत उतरवा. क्रिया करणाऱ्याला किती ठिकाणी ‘चा-ची-चे’ लागला, किती ठिकाणी ‘ने’ आणि किती ठिकाणी काहीच नाही, ते मोजून आणा. आजी-आजोबांशी फोनवर बोललात तर तीही वाक्ये चालतील.