गिरणी कामगारांचे कैवारी

रविवार उजाडला की शाळा बंद असते, कचेऱ्या बंद असतात आणि घरोघरी निवांतपणा असतो. ही सुटी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणी झगडून मिळवली असेल, असे आपल्या मनातही येत नाही. परंतु एके काळी मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या हजारो माणसांना आठवड्याची हक्काची अशी एकही सुटी नव्हती. ती मिळावी म्हणून ज्यांनी आपला देह झिजवला, त्या थोर पुरुषाचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. घरची गरिबी असल्यामुळे त्यांना लवकरच नोकरी धरावी लागली. रेल्वे आणि टपाल या खात्यांत काही काळ काढल्यावर ते मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले.

त्या वेळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. म्हणून सूर्य उगवला की काम सुरू होई आणि मावळेपर्यंत ते चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, तेव्हा कामाचे तासही तेरा-चौदा होत. दुपारी जेवावयास धड सवड मिळत नसे. यंत्रात सापडून एखाद्याचा हात तुटला, तर त्याच्या मुलाबाळांकडे पाहणारे कोणी नव्हते. १८८१ साली सरकारने पहिला कारखाना कायदा केला. परंतु त्यात मुख्यतः लहान मुलांचा विचार होता. मोठ्या माणसांच्या कष्टांना त्यात काहीच मर्यादा नव्हती.

नारायणराव महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. १८८० साली त्यांनी ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र पुण्याहून मुंबईस आणले आणि गरिबांची दुःखे त्यातून निर्भयपणे मांडली. पण नुसत्या लिहिण्याने भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या व सरकारने नेमलेल्या आयोगापुढे मांडण्यासाठी एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. दर रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत हाती पडावा आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे, अशा त्या मागण्या होत्या. त्यांत अवास्तव असे काय होते? तरीही त्या लगेच मान्य झाल्या नाहीत.

नारायणराव निराश झाले नाहीत. मुंबई गिरणी कामगार संघाच्या द्वारे त्यांनी आपले काम नेटाने चालू ठेवले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्या काळी ही गोष्ट सामान्य नव्हती. या एकजुटीचा परिणाम झाला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी व दुपारचा विसावा यांना सरकारी आधार मिळाला. १८९५ साली सरकारने नारायणरावांस रावबहादुर ही पदवी दिली.

परंतु त्यांची खरी कसोटी अजून व्हावयाची होती. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगची साथ आली. पाहता पाहता घरेच्या घरे ओस पडू लागली. ज्यांना शक्य होते, ते शहर सोडून गेले. सरकारी माणसे आजाऱ्यांना बळाने रुग्णालयात नेऊ लागली. रुग्णालयात नेलेल्यांस ठार मारतात, अशी वावडी उठली. त्या भीतीपोटी ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या एका जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालही केली. ज्या जागी जीव वाचावयाचा, तीच जागा लोकांस मृत्यूचे घर वाटू लागली होती.

अशा वेळी रागावून अज्ञान जात नाही; विश्वासानेच जाते. नारायणरावांच्या प्रयत्नाने मराठा इस्पितळ उघडण्यात आले. आपल्या माणसांचे इस्पितळ असले म्हणजे तेथे जाण्यास भय वाटत नाही. नारायणराव केवळ ते उघडून थांबले नाहीत. या रोगाचा संसर्ग किती घातक आहे हे ठाऊक असूनही ते स्वतः रुग्णांच्या सेवेत राहिले. शेवटी त्यांनाच प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्याही आत होते.

भारत सरकारने २००५ साली त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. पण त्यांचे खरे स्मारक दर आठवड्यास आपल्या घरी येते. मुलांनो, पुढच्या रविवारी खेळावयास निघाल ना, तेव्हा क्षणभर त्यांचे स्मरण करा. इतरांना विसावा मिळावा म्हणून झटणाऱ्या या माणसाने स्वतः मात्र अखेरपर्यंत विसावा घेतला नाही.