नांगराला गिऱ्हाईक मिळवून देणारा कारखानदार

महाराष्ट्रात ग्रामीण उद्योगीकरणाचा विषय निघाला की भांडवल कोठून आणावयाचे, हा प्रश्न सर्वप्रथम पुढे केला जातो. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनाही भांडवलाची चणचण भासली. परंतु त्यांची खरी झुंज निराळ्याच प्रश्नाशी होती. माल तयार आहे, त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे, आणि तरीही तो घेणारा माणूस नाही, अशा स्थितीत कारखाना उभा कसा राहावा, हा तो प्रश्न होय.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रंग ओळखण्यातील दृष्टिदोष उघडकीस आला, रंगचित्रे सुटली आणि यांत्रिक रेखाटन हाती आले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्याच विषयाचे शिक्षक झाले. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून त्यांनी बेळगाव गाठले. तेथे बंधू रामुअण्णांच्या जोडीने चालविलेले सायकलींचे दुकान हे किर्लोस्कर उद्योगाचे मूळ. या उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मोजण्यात येतो.

दुकानातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले व त्यामागून लोखंडी नांगर. हा पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि चरित्रकार बहुधा याच समजुतीवर सारा दोष ठेवतात. पण शेतकऱ्याचा नकार केवळ अंधश्रद्धेचा नव्हता. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देत असे. मोडला तर तोच दुरुस्त करी, आणि त्यासाठी रोकड मोजावी लागत नसे. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा, ओढण्यास दमदार बैल हवेत, आणि फाळ झिजला तर नवा कोठून आणावयाचा याची खात्री हवी. उलट, काळ्या जमिनीत खोल रुतलेली हरळी लाकडी नांगराने निघत नाही, हेही शेतकरी जाणत होता. लक्ष्मणरावांचा व्यापार या दोन अनुभवांच्या मधल्या जागेत वाढला. ज्याने नांगर घेतला त्याचे रान स्वच्छ झालेले शेजाऱ्याला बांधावरूनच दिसे, आणि एवढी प्रभावी जाहिरात दुसरी नव्हती.

धंदा मार्गी लागत असतानाच शहराच्या वाढीसाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. या पेचातून औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना सोडविले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळजमीन व १०,००० रुपयांचे कर्ज त्यांनी दिले, आणि १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर पाणी नव्हते, बाजार नव्हता. होती ती फक्त पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे. जड माल देशभर पाठविणाऱ्या कारखान्याला औदार्याइतकाच या रेल्वेचाही आधार होता, ही गोष्ट सहसा नजरेआड होते.

वसाहतीत जमलेली माणसे पदवीधर नव्हती. शंभुअण्णा जांभेकर, शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे यांचे शिक्षण कामावरच झाले. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांकडे होती. तेथे अस्पृश्यतेला थारा नव्हता, आणि शिक्षा भोगलेल्या कैद्यांवर पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपविण्यात आले होते. अर्थात मालकाच्या विश्वासावर चाललेल्या वसाहतीत कामगाराचा हक्क आणि मालकाची कृपा यांतील सीमारेषा पुसट असते, हेही नोंदविले पाहिजे.

पहिल्या महायुद्धात विलायती नांगरांची आयात आटली आणि मागणी किर्लोस्करवाडीकडे वळली. लोखंड व कोळसा मात्र तितकेच दुर्मिळ झाले. युद्धानंतर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याचे हे वार्तापत्र पुढे मराठीतील अग्रगण्य मासिक झाले, ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही त्याची भावंडे. नांगर विकण्याच्या खटपटीतून वाचकवर्ग घडावा, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच! याच रेल्वेमार्गावर सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातही लोखंडी नांगर होऊ लागले. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झालेले ते हेच कूपर. नांगराच्या या दोन कारखान्यांमुळे स्पर्धा वाढली, तसा नांगराचा पंचक्रोशीतील सरावही वाढला.

अमेरिकेत शिकलेले चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये परतले. त्यानंतर पंप, चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे यांच्या जोडीला इंजिने व विजेच्या मोटारी आल्या. विस्तार मात्र दूर झाला: १९४१ मध्ये हरिहर, १९४६ मध्ये पुणे व बंगलोर. लहानशा संस्थानात वीज, कुशल कारागीर आणि सुटे भाग पुरविणारे छोटे कारखाने मिळणे कठीण होते. राजाच्या कृपेने एक कारखाना उभा राहू शकला. त्याच्याभोवती दुसरे, तिसरे कारखाने आपोआप उगवावेत अशी व्यवस्था काही तिने उभी केली नाही. कृष्णाकाठच्या तरुणाला यंत्रावरील रोजगारासाठी पुणे-मुंबईची वाट धरावी लागली, त्याचे एक कारण येथे सापडते.

गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये उसळलेल्या जमावाने किर्लोस्करवाडीला आग लावली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. आयुष्यभर ज्या भागातील शेतकऱ्याचा विश्वास त्यांनी मिळविला, त्याच भागात हे घडावे, हा त्यांच्या जीवनातील सर्वांत कठोर प्रसंग. कारखाना पुन्हा सुरू झाला. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले. त्याचे औंध गाव सातारा जिल्ह्यात राहिले, तर किर्लोस्करवाडी १९४९ मध्ये झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली; १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड हे नाव मागे पडले असून स्टेशनच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते, आणि तेथील कारखान्यात पंप तयार होत असतात.